जोकिम तुस्कानोचा आग्रह

जोकिम तुस्कानोच्या घरून अर्धपोटी परत गेलेला माणूस अख्ख्या अल मनखूल वस्तीत शोधून सापडला नसता. मूळचा वसईच्या गास गावचा, दुबईत येऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली. दिसायला साधा, बोलायला गोड, पण हातात वाढायचा चमचा आला की त्याच्या अंगात काहीतरी संचारायचं. चर्चच्या हॉलमध्ये कुणाचं बारसं असो की लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, यजमान आधी जोकिमला फोन करायचे आणि मग केटररला.

आग्रहाचं त्याचं स्वतःचं शास्त्र होतं. पहिलं 'नको' म्हणजे संकोच, दुसरं 'नको' म्हणजे संस्कार, तिसरं 'नको' म्हणजे पोटात अजून जागा आहे, आणि चौथं 'नको' म्हणायला माणसाचं तोंड रिकामं नसतं. या शास्त्रापुढे भलेभले पडले होते. डायबेटिसवाल्यांनी त्याच्या हातून केक खाल्ला होता. इस्टरआधीच्या उपवासात मटण सोडलेल्या एका वसईकराने तर त्याच्याकडे मटण चापलं आणि दुसऱ्या दिवशी कन्फेशनला जाऊन पापात भागीदार म्हणून जोकिमचं नाव सांगितलं, असं लोक म्हणतात. खरंखोटं त्या फादरना ठाऊक, आणि ते काही सांगायचे नाहीत.

पोटासाठी जोकिम जे करायचा तेही याच जातीचं होतं. हमरिया फ्री झोनमध्ये खाद्यतेलाची एक कंपनी आहे, तिचं तेल तो हॉटेलांना विकायचा. शेफच्या डोळ्यांदेखत कढई चढवायची, आपल्या तेलात पुऱ्या तळायच्या, शेफला खायला घालायच्या आणि तो "नको" म्हणाला की आणखी एक घालायची. पोट भरलेल्या शेफला ऑर्डर नाकारायला जीव होत नाही. कंपनी खूश होती.

देवाला मात्र गंमत सुचली. अशा या तेलातुपाच्या माणसाच्या पोटी त्याने शेनॉन घातली.

पोर जन्मली तेव्हा गोरीगोमटी, धडधाकट. इथल्या रिवाजाप्रमाणे हॉस्पिटलने टाचेतून थेंबभर रक्त घेतलं आणि आठवडाभरात बोलावणं आलं. डॉक्टर नादियांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. तिच्या शरीराला लांब साखळीची चरबी जाळता येत नाही. आपण सगळे खातो ते तेल, तूप, लोणी, मटणाची चरबी, सगळं त्यातच आलं. ते तिला अगदी मोजून द्यायचं. आणि आपलं पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी काढून वापरतं, तेही तिला जमणार नाही. म्हणून उपाशी ठेवायचं नाही. उपाशी राहिली, किंवा ताप येऊन खाणं सुटलं, की रक्तातली साखर उतरेल, पोर पेंगुळेल आणि हृदयापर्यंत त्रास जाईल. वेळेवर खाल्लं तर चारचौघांसारखी वाढेल.

"हे आलं कुठून?" जोकिमने विचारलं.

"आईकडून अर्धं, वडलांकडून अर्धं," डॉक्टर म्हणाल्या.

वसईला फोन गेले तेव्हा तुस्कानोंनी सांगितलं, आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही, आणि त्याच्या बायकोच्या, सेलिनच्या माहेरच्यांनी सांगितलं, आमच्या आठ पिढ्यांत नाही. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही घराण्यांनी बरोबरीने आहेर केला होता आणि दोघांनाही पाकिटात काय आहे हे माहीत नव्हतं.

सेलिन पहिला महिना रडली आणि दुसऱ्या महिन्यापासून कामाला लागली. ती एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर होती, शिस्तीची होती. तराजू आला, खास दूध आलं, खास तेल आलं. दर काही तासांनी दूध, झोपताना दूध, वय वाढलं तसं मापात भात, डाळ, फळं, बिनचरबीचं दही. हे खास तेल मध्यम साखळीचं असतं, ते या मुलांना पचतं आणि ताकद देतं. ते नारळापासून काढतात, एवढं जोकिमच्या कानावर आलं मात्र, त्याची कळी खुलली. नारळावर वाढलेला माणूस. त्याने त्याच दुपारी नारळाचं घट्ट दूध काढून कालवण रांधायला घेतलं, आणि डाएटिशियन अपर्णा मॅडमना मोठ्या ऐटीत फोन करून सांगितलंही.

"मिस्टर तुस्कानो, कढई खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या. "नारळात तिला चालणारं थोडं आणि न चालणारं भरपूर असतं. उसाच्या मोळीवर बसला म्हणजे चहात साखर पडली असं होतं का?"

तेल विकणाऱ्या माणसाला तेलाचं एवढंही कळू नये, या विचाराने जोकिम दोन दिवस मान खाली घालून फिरत होता. ते कालवण त्याने खालच्या वॉचमनला खाऊ घातलं, तिसऱ्या 'नको'नंतर.

तेव्हापासून शेनॉनच्या ताटाशी त्याचा संबंध संपला. ताट सेलिनचं, तराजू सेलिनचा. जोकिमला लेकीला स्वतःच्या हाताने काही भरवायची फार हौस होती, आणि सगळ्या दुबईला भरवणाऱ्या माणसाला ती एकच पोर भरवता येत नव्हती. हे त्याला लागायचं. पण तो ते बोलून दाखवायचा नाही, फक्त पाहुण्यांना आणखी जोराने वाढायचा.

शेनॉनने चार वर्षं पुरी केली आणि केजी वनचा प्रश्न उभा राहिला. बाल्कनीच्या गजांत नाक खुपसून ती रोज सकाळी स्कूल बस बघायची. बसमधल्या मुलांना हात करायची. शेजारच्या समिधाचा विहान त्याच बसमधून जायचा आणि परत येऊन शाळेच्या खऱ्याखोट्या गोष्टी तिला सांगायचा.

शाळेच्या नर्सबाई समंजस होत्या. त्या म्हणाल्या, डब्याच्या वेळा, दूध, तापात पाजायची इमर्जन्सीची पावडर, सगळं मी सांभाळते. पण वर्गात पंचवीस मुलं. रोज कुणाचा तरी बर्थडे, रोज कुणीतरी कुणाच्या तोंडात काहीतरी कोंबतो. प्रत्येक घास मी अडवू शकत नाही. तिला स्वतःला 'नो' म्हणता आलं पाहिजे.

"एप्रिलपर्यंत तिला नो म्हणायला आलं तर शाळा," घरी येऊन सेलिनने जाहीर केलं. "नाही आलं तर एक वर्ष घरी. रिस्क नाही घेणार मी."

शेनॉनने ते ऐकलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली, त्या वेळी बस नव्हती तरी.

अपर्णा मॅडमचं मत पडलं की घरीच प्रॅक्टिस करा. घरातल्या सगळ्यात आग्रही माणसाने तिच्यापुढे खाऊ धरायचा आणि तिने नाही म्हणायचं. "कोण आहे तुमच्यात आग्रही?" त्यांनी विचारलं.

सेलिन काही बोलायच्या आत शेनॉनने बोट दाखवलं. "Pappa."

जोकिमला अभिमान वाटावा की शरम, ते त्याचं त्यालाच कळेना. पण जबाबदारी मिळाली, आणि तीही लेकीच्या तोंडासमोर घास धरायची. तो रोज कामावरून आल्यावर शर्ट बदलून, केस विंचरून तिच्यासमोर बसू लागला. हातात समोसा. सेलिन बाजूला रेफरी, पोरीचा हात समोशाकडे वळला तर तो हवेतच पकडायला तयार.

पहिल्या दिवशी शेनॉन फटाफट नो म्हणाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सेलिनला दिसलं की समोसा पुढे करताना जोकिम डोळा मारतोय.

"जोकिम, ही मॅच फिक्सिंग आहे."

"अगं, लहान आहे ती. एकदम फुल फोर्स कसा लावणार?"

"शाळेत तिला कोणी डोळा मारणार नाही. खरा आग्रह कर."

मग जोकिमने खरा आग्रह केला. आवाज मऊ केला, मान तिरकी केली, पप्पा किती लांबून घेऊन आलाय सांगितलं, समोशाला वाईट वाटेल सांगितलं. दोन मिनिटांत शेनॉनचा हात पुढे आला आणि सेलिनने तो पकडला. आपली विद्या पोटच्या पोरीवर चालली, म्हणून जोकिमला रात्री जेवण गेलं नाही. त्याच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

तेव्हा त्याला भिवाची आठवण झाली. भिवा सातारा जिल्ह्यातला, रास अल खोरच्या भाजी मार्केटात ट्रक उतरवायचा. बायको रंभा गावी, हा इथे मजुरांच्या कॅम्पात. दर रविवारी मार्केटात उरलेली कोथिंबीर नाहीतर टोमॅटो घेऊन जोकिमकडे जेवायला यायचा. जोकिमने ठरवलं, पोरीला प्रत्यक्ष दाखवू नकार कसा द्यायचा तो. भिवाला समजावून सांगितलं, मी वाढणार, तू नको म्हणायचं, शेनॉन बघणार.

"एवढंच ना भाऊ? सोप्पं हाय," भिवा म्हणाला.

रविवारी प्रयोग लागला. जोकिमने मटणाचा चमचा पुढे केला.

"नको भाऊ."

"अरे, घे थोडं."

"नको नको. खरंच नको. लई झालं." भिवाने पोटावर हात फिरवला.

"एवढंसंच. माझ्यासाठी."

भिवाने एक लांब सुस्कारा सोडला. "बरं, अर्धा चमचा द्या मग."

असा अर्धा-अर्धा करत भिवाने पातेलं संपवलं. सेलिनने कपाळावर हात मारला. भिवा ओशाळून म्हणाला, "वैनी, पुढच्या रविवारी बघा." पुढच्या रविवारीही तेच झालं. शेनॉन मात्र दर खेपेला हाताची घडी घालून, अगदी लक्षपूर्वक बघत होती.

आणि काय आश्चर्य, पोरीत फरक पडला. समोसा पुढे केला की ती गोड आवाजात "No thank you" म्हणायची. पुन्हा केला की "No thank you, really." दोन वेळा. सेलिनची प्रॅक्टिस तिथेच संपायची, कारण दोन नकार म्हणजे तिच्या हिशेबात पास. भिवाचा धडा उपयोगी पडला म्हणून जोकिमने त्याला त्या रविवारी दुप्पट वाढलं.

मग विहानचा वाढदिवस आला. समिधाला शेनॉनचं सगळं माहीत होतं, तिने तिच्यासाठी वेगळी जेली करून ठेवली होती. पण विहानची आजी नुकतीच पुण्याहून आली होती. तिने केकचा तुकडा घेतला आणि शेनॉनपुढे धरला.

"No thank you," शेनॉन म्हणाली. लांबून बघणाऱ्या जोकिमने सेलिनला कोपर मारलं.

"अगं, एवढासा तर आहे," आजी म्हणाली.

"No thank you, really."

"आजीला बरं वाटेल गं."

शेनॉनने एक लांब सुस्कारा सोडला. पोटावर हात फिरवला. "Okay, half," ती म्हणाली आणि तोंड उघडलं.

सेलिन खुर्च्या ओलांडून पोचली तेव्हा क्रीम ओठांच्या आत गेलं होतं, ते तिने बोटाने काढलं. एका चाटण्याने काही होणार नव्हतं. आजूबाजूचे हसले, जोकिमलाही हसू आलं, पण सेलिनचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. घरी आल्यावर सेलिनने लेकीला विचारलं, "तू नो म्हणाली होतीस ना? मग का घेतलं?"

"That's how you do it, Mummy," शेनॉन म्हणाली. "You say no, then they ask again, you say no, and then you take half. Bhiva uncle does it."

पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिने जे पाहिलं ते बिनचूक उचललं होतं. आपल्या माणसांत 'नको' हा शब्द नकार म्हणून वापरलाच जात नाही. तो दारावरची टकटक आहे. समोरच्याने आणखी एकदा विचारावं म्हणून म्हणायचा. खरा नकार त्या पोरीने जन्मात ऐकला नव्हता, कारण ती जोकिमच्या घरात वाढली होती. भीड ही भिकेची बहीण, असं आपण म्हणतो आणि पानात पडलेलं निमूट खातो.

"आता तिला नाही शिकवायचं, तुला शिकवायचं," सेलिन नवऱ्याला म्हणाली. "आजपासून या घरात कोणी एकदा नो म्हटलं की खलास. ताट उचलायचं. सेकंड टाइम विचारायचं नाही. तिलाच नाही, कोणालाच नाही. ती बघत असते."

"पाहुण्यांना पण?"

"पाहुण्यांना तर नाहीच."

जोकिमने एखाद्या दारुड्याने दारू सोडावी तसा आग्रह सोडला, म्हणजे हातपाय कापत. पुढच्या रविवारी भिवा जेवायला बसला. जोकिमने चपाती पुढे केली. भिवा रिवाजाप्रमाणे "नको" म्हणाला. जोकिमने डोळे मिटले आणि चपाती परत डब्यात ठेवली. भिवा वाट बघत बसला. भाताचं तेच, मटणाचं तेच. मग पाणी पिऊन उठला आणि कोथिंबिरीची रिकामी पिशवी घडी करत, चपला घालून गेला. कॅम्पात पोचल्यावर त्याचा फोन आला.

"भाऊ, माझं काही चुकलं का?"

जोकिमने त्याला सगळं समजावलं. "पोरीसाठी हाय तर ठीक हाय," तो म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी जोकिमने डबा उघडायच्या आतच भिवा "हो" म्हणाला, आणि असं बोलायला लाज वाटल्यामुळे भिंतीकडे बघत जेवला.

कामावरही जोकिमची सवय मोडली. करामा भागातल्या एका शेफने "नो, नो" म्हटल्याबरोबर तो "ओके हबीबी" म्हणून कढई आवरू लागला. शेफला इतका धक्का बसला की तो गाडीपर्यंत मागे आला. म्हणाला, क्या हुआ, कुछ प्रॉब्लम है क्या, दे दो दस टिन. जोकिमला वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच पुऱ्या तळल्या.

शेनॉनवर मात्र जादू झाली. तिने "No" म्हटलं की समोसा खरंच मागे जातो, हे दिसल्यावर तिला त्या शब्दाची चटकच लागली. एवढासा शब्द, आणि पप्पासारखा दांडगा माणूस मागे सरतो. तिने समिधाला नो म्हटलं, लिफ्टमध्ये चॉकलेट देणाऱ्या काकूंना नो म्हटलं. लेस्टरमामा सुट्टीत वसईहून आला, त्याने डोळ्यांत पाणी आणून फुग्या पुढे केल्या. ख्रिसमसला वसईत घरोघरी तळतात त्या गोल फुग्या, सेलिनच्या आईने धाडलेल्या. शेनॉन शांतपणे म्हणाली, "No thank you. You can put it back." लेस्टरने त्या खरंच परत ठेवल्या. सेलिनने शाळेचं ॲडमिशन पक्कं केलं, युनिफॉर्म आला, आणि जोकिमने तो घातलेल्या लेकीचा फोटो गासच्या अख्ख्या आळीला पाठवला.

अति तेथे माती, हे आपल्याकडे शहाण्यांनी सांगून ठेवलंय. मार्चमध्ये शेनॉन घरच्या खाण्यालाही नो म्हणू लागली. आधी दुधीला, मग डाळीला. एकदा झोपतानाच्या दुधाला म्हणाली, तेव्हा सेलिनने युनिफॉर्म कपाटात ठेवायची धमकी देऊन ते पाजलं. ज्या पोरीने बाहेरचं काही खाता कामा नये, तिनेच घरातलं काही सोडता कामा नये, ही दुहेरी गाठ चार वर्षांच्या डोक्यात कशी बसवायची ते कुणालाच सुचत नव्हतं.

शाळा सुरू व्हायला आठवडा उरला असताना शनिवारी दुपारी शेनॉनला ताप चढला.

तापाचे नियम घरात सगळ्यांना पाठ होते. नेहमीचं खाणं बंद आणि इमर्जन्सीची पावडर पाण्यात कालवून ते पाणी ठरलेल्या मापाने, दर दोन तासांनी पाजायचं. त्यात नुसती साखरेसारखी ताकद असते. ते पोटात राहिलं तर घरीच निभतं. प्यायली नाही किंवा उलटी झाली तर तडक हॉस्पिटल आणि सलाईन. मागच्या वर्षी तसं झालं होतं. तिच्या इवल्या हातात शीर सापडत नव्हती, दोन नर्स आणि जोकिम मिळून तिला धरून होते. जोकिम नंतर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून रडला होता आणि त्याने तसं सेलिनला सांगितलंही होतं.

सेलिनने ग्लास भरून पुढे केला.

"No thank you," शेनॉन उशीत तोंड घालून म्हणाली.

"हे नो म्हणायचं नाही बाळा. This is yours."

"No."

जोकिम पुढे झाला. "शेनू, पप्पासाठी एक घोट."

पोरीने तापलेले डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. "Pappa, I said no," ती म्हणाली.

आणि जोकिमचा हात आपोआप खाली आला. दोन महिन्यांची सवय. त्याची त्यालाच इतकी चीड आली की तो पुन्हा पुढे झाला, विनवलं, गाणं म्हटलं, सगळी जुनी विद्या काढली. पालथ्या घड्यावर पाणी. जगातला सगळ्यात मोठा आग्रह मोडून काढायला त्यानेच तिला शिकवलं होतं, आणि शिष्या उत्तम निघाली होती.

डॉक्टर नादियांना फोन लागला. त्या म्हणाल्या, उलटी नाही ना, मग अर्धा तास बघा. नाही प्यायली तर घेऊन या, मी वॉर्डला कळवून ठेवते. सेलिनने अर्धा तास थांबायचं नाही असं ठरवलं. हॉस्पिटलची बॅग कायम भरलेली असायची, ती तिने खांद्याला लावली. गाडी तीन गल्ल्या पलीकडे उभी होती, अल मनखूलमध्ये याहून जवळ पार्किंग मिळत नाही.

"मी गाडी घेऊन खाली येते. तोपर्यंत बघ काही जमतंय का," ती म्हणाली. दाराशी ती वळली. "जोकिम, तुझ्याकडून तर भिंतसुद्धा दोन घास खाईल रे."

दार लागलं. जोकिम पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. शेनॉन जागी होती, पण डोळे जड झालेले. ती त्याच्या हाताकडे बघत होती, नो तयार ठेवून. विचारलं की ती नाही म्हणणार, हे त्याला दिसत होतं. जितकं प्रेमाने विचारू तितक्या ठामपणे म्हणणार. मग न विचारता काय करतात? हे मात्र त्याला खरंच माहीत नव्हतं. समोरच्याला न विचारता तोंडात घास घालायचा, ही गोष्ट त्याने आयुष्यात केलेली नव्हती. बसमध्ये शेंगदाणे खायचा तरी आधी शेजाऱ्यापुढे पुडी धरायचा.

तो उठला. स्वयंपाकघरातून आणखी एक ग्लास कालवून आणला. दोन ग्लास तिपाईवर ठेवले आणि तिच्याकडे न बघता एक उचलून तोंडाला लावला. चव कोमट पाण्यात साखरेचा डबा विसळावा तशी होती. त्याने ती जिभेवर घोळवली, "आहा" केलं, आणि सगळा ग्लास संपवला. शेनॉनकडे बघितलं नाही. त्याच्या मानेची शीर दुखू लागली.

"Pappa," शेनॉन म्हणाली, "that's mine."

"हो का? तू नो म्हणालीस ना."

"You didn't ask again."

"आपण दुसऱ्यांदा विचारत नाही."

जोकिमच्या ओठांवर 'घे ना गं बाळा' आलेलं होतं, त्याने ते दातांखाली दाबून धरलं. तो शब्द बाहेर पडला की संपलंच. त्याने दुसरा ग्लास उचलला. हा तिचा, मापाने भरलेला. त्याने तो सावकाश ओठांजवळ नेला.

शेनॉन कोपरावर उठली. तिचा ओठ थरथरू लागला. पप्पा खातोय आणि आपल्याला विचारत नाही, हे तिच्या जगात बसत नव्हतं. "You always ask me," ती म्हणाली. "Ask me."

"नाही," जोकिम म्हणाला.

जन्मात त्याने कुणाला इतकं सरळ 'नाही' म्हटलं नव्हतं. ते म्हणताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्याने ग्लास आणखी वर केला.

शेनॉनने दोन्ही हात लांब करून त्याच्या हातातला ग्लास ओढून घेतला. थोडं चादरीवर सांडलं. पाठ त्याच्याकडे करून, रागाने, घटाघट ती प्यायला लागली, आणि मधे श्वास घ्यायला थांबली तेव्हासुद्धा ग्लास छातीशी धरून ठेवला, न जाणो हा माणूस परत घेईल.

जोकिमचा फोन वाजला.

"यल्ला जोकिम, चल लवकर, खाली आलेय, डबल पार्क केलंय," सेलिन धापा टाकत म्हणाली. "उचल तिला आणि ये."

"पितेय," जोकिम म्हणाला.



"सगळं?"

"तळाशी आलंय."

"किती वेळा विचारलंस?"

"एकदाही नाही," जोकिम म्हणाला.

फोनमध्ये मागच्या टॅक्सीचा हॉर्न वाजत होता, मग दुसऱ्या गाडीचा, पण सेलिन काही गाडी हलवेना.